रथ, राजधानी आणि पुरवणी : इतिहासाच्या खेळांतील डीएलसी विकत घ्यावी का?

१/ गेल्या दिवाळीत दहावीत शिकणाऱ्या मामेभावाने विचारले, "दादा, या डीएलसीत आपला इतिहास आहे म्हणे. घेऊ का?" आजीने ओवाळणीच्या ताटाशेजारी ठेवलेले पैसे त्याच्या हातात होते. "घे" हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. तो मी का गिळला, हे सांगण्यासाठी हा थ्रेड. लांब आहे. सवडीने वाचावा.

२/ प्रथम संज्ञा स्पष्ट करू. मूळ व्हिडिओ गेम विकत घेतल्यानंतर वेगळे पैसे मोजून डाउनलोड करावयाची जोड-सामग्री म्हणजे डीएलसी. नवे प्रदेश, नव्या सत्ता, नव्या मोहिमा, नवे पोशाख असे काहीही तिच्यात असू शकते. पुढे मी तिला 'पुरवणी' म्हणेन. ग्रंथाला पुरवणी असते आणि वृत्तपत्रालाही असते. त्या दोहोंत किती अंतर असते, हे वाचकांस ठाऊक आहेच.

३/ या विषयावर आपल्याकडे दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, पुरवणी म्हणजे सरळ लूट, कोणीही एक पैसा देऊ नये. दुसरा म्हणतो, परदेशी कंपनीने अखेर आपल्या इतिहासाची दखल घेतली, तेव्हा ती विकत घेणे हे कर्तव्यच. दोन्ही पक्ष चुकतात असे माझे मत आहे. त्यांतही दुसरा अधिक घातक आहे, कारण तो इतिहासाच्या नावाने बोलतो.

४/ पहिल्या पक्षाचा राग कोठून आला, ते पाहू. मुळात पुरवणी ही वाईट कल्पना नव्हती. 'एज ऑफ एम्पायर्स २' हा खेळ १९९९ साली आला आणि २००० साली त्याचा विस्तार 'द कॉन्करर्स' आला. त्यात अॅझटेक, माया, स्पॅनिश, हूण आणि कोरियन अशा पाच संस्कृती होत्या. आमच्या पिढीतील अनेकांनी हे दोन्ही खेळ चोरीच्या सीडीवर पाहिले, हेही येथे प्रांजळपणे मान्य करावे.

५/ तो विस्तार वेगळ्या खोक्यात, वेगळ्या सीडीवर विकला जाई. छपाई, वाहतूक, दुकानदाराचा वाटा, हे सारे खर्च असल्यामुळे क्षुल्लक वस्तू विकणे परवडत नसे. इंटरनेटने हा खर्च जवळजवळ नाहीसा केला आणि त्याबरोबर लाजही गेली. २००६ साली 'ऑब्लिव्हियन' या खेळात घोड्यासाठी चिलखत अडीच डॉलरला विकण्यात आले. खेळाडूंनी त्याची यथेच्छ टिंगल केली, तरी ती वाट पुढे राजमार्ग झाली.

६/ म्हणून पुरवण्यांचे तीन प्रकार करतो. एक, परिशिष्ट : मूळ ग्रंथ पूर्ण आहे आणि हे त्यात खरोखर भर घालते. दोन, फाडलेले पान : जे मूळ ग्रंथात असायला हवे होते, ते बाहेर काढून वेगळे विकले आहे. तीन, मुलामा : आतला मजकूर तोच, वर नवे वेष्टन. घोड्याचे चिलखत तिसऱ्या प्रकारातले. त्याच्यावर अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही.

७/ परिशिष्ट कसे असावे? राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला आणि पुढे ही माला २२ खंडांपर्यंत गेली. दुसरा खंड हाती आल्यावर "हे पहिल्यातच का दिले नाही?" असे कोणी विचारले नसते, कारण पुढच्या खंडात पुढची कागदपत्रे होती. नवा खंड जुन्या प्रश्नाकडे नव्याने पाहायला लावतो. पुरवणीला पैसे देण्याचे मला पटणारे कारण हेच.

८/ आता फाडलेल्या पानाचे उदाहरण. 'क्रुसेडर किंग्ज २' हा खेळ फेब्रुवारी २०१२ मध्ये आला. नावातच धर्मयुद्ध आहे. नकाशावर मुस्लिम राज्यकर्ते होते, ते लढत होते, जिंकत होते, हरत होते. परंतु तुम्हाला खेळता येई ते केवळ ख्रिस्ती सरदार म्हणून. चारच महिन्यांनी, जूनमध्ये, 'सोर्ड ऑफ इस्लाम' ही पुरवणी आली. पैसे भरा आणि युद्धाची दुसरी बाजू उघडा.

९/ यात काय विकले गेले, ते नीट पाहा. दोन पक्षांच्या युद्धातला एक पक्ष 'मूळ' ठरला आणि दुसरा 'जोड'. इतिहासलेखनात ज्या युरोपकेंद्री दृष्टीवर आपण वर्गात तासन्‌तास टीका करतो, तीच दृष्टी येथे दरपत्रक होऊन आली. केंद्र मूळ किमतीत, परिघ वेगळ्या किमतीत.

१०/ मार्च २०१४ मध्ये त्याच खेळाची 'राजाज ऑफ इंडिया' ही पुरवणी आली. येथे न्यायाने बोलले पाहिजे. भारत कापून काढला नव्हता. तो नकाशावर मुळात नव्हताच. वाढीव नकाशा सर्वांना विनामूल्य मिळाला. हिंदू, बौद्ध आणि जैन राजे म्हणून खेळण्यासाठी मात्र पैसे होते. त्या बदल्यात जातिव्यवस्था, पुनर्जन्म, वाघाची शिकार अशा गोष्टी आल्या. त्यांतील शिकार पाहून मला जुन्या गोऱ्या प्रवाशांची वर्णने आठवली, हे सांगायलाच हवे.

११/ २०२० साली 'क्रुसेडर किंग्ज ३' आला तेव्हा धर्मावरचे हे कुलूप काढलेले होते. मुस्लिम, हिंदू, बौद्ध, जैन राज्यकर्ते पहिल्या दिवसापासून, मूळ किमतीतच खेळता आले. म्हणजे कुलूप ही काही तंत्राची अपरिहार्यता नव्हती. ज्यांनी आठ वर्षे कुरकुर केली, त्यांची कुरकुर वाया गेली नाही, असे मला वाटते.

१२/ आता आपल्याकडे सर्वाधिक चर्चिली गेलेली पुरवणी : 'एज ऑफ एम्पायर्स २'ची 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया', एप्रिल २०२२. त्याआधी २०१३ च्या 'द फरगॉटन' या विस्तारात 'इंडियन्स' नावाची एकच संस्कृती होती. एक गजधनुर्धर, काही उंटस्वार आणि त्यांत सारा उपखंड! फ्रँक, ब्रिटन, ट्यूटन वेगवेगळे. आपण मात्र काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच.

१३/ नव्या पुरवणीने हा गठ्ठा सोडला. हिंदुस्थानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड अशा चार संस्कृती झाल्या. त्यांपैकी जुन्या 'इंडियन्स'च्या जागी आलेली हिंदुस्थानी संस्कृती मूळ खेळाच्या मालकांना विनामूल्य मिळाली. तीन नव्या मोहिमा आल्या : बाबर, राजेंद्र चोळ आणि पाल वंशाचा देवपाल. नवव्या शतकातला देवपाल शालेय पुस्तकात एका ओळीपुरता येतो. लक्षावधी खेळाडूंच्या या खेळात त्याला स्वतंत्र मोहीम मिळणे, ही लहान गोष्ट नाही.

१४/ राजेंद्र चोळाची मोहीम तर परिशिष्टाचा उत्तम नमुना आहे. १०२५ च्या सुमारास चोळांच्या आरमाराने श्रीविजयावर स्वारी केली, ही घटना आपल्या मनात सहसा ठसत नाही, कारण आपला मध्ययुगीन इतिहास घोड्याच्या पाठीवरून लिहिलेला असतो. या खेळात द्रविड संस्कृतीचे बळच आरमारात ठेवले आहे. जिंकायचे तर समुद्रावर जावे लागते. वर्णनाने जे साधत नाही, ते येथे नियमाने साधले आहे.

१५/ पण याच पुरवणीत बंगाली संस्कृतीला रथ दिला आहे. देवपालाच्या कितीतरी आधी भारतीय रणांगणावरून रथ जवळजवळ नाहीसा झाला होता. सैन्याचा कणा हत्ती, घोडे आणि पायदळ. मग रथ का? तो ओळखीचा आहे म्हणून. महाभारत मालिकेतून मनात बसलेली प्रतिमा विकायला सोपी जाते. हा मुलामा आहे, आणि तो परिशिष्टाच्याच पाकिटात घालून दिला आहे.

१६/ आणि दख्खन? वेरूळचे कैलास मंदिर घडवणारे राष्ट्रकूट, देवगिरीचे यादव, १३४७ साली दौलताबादेत उभी राहिलेली बहमनी सत्ता, हे सारे या खेळाच्या कालपटात बसतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र संस्कृती मात्र नाही. उत्तरेकडून पाहिले तर आपण गुर्जरांच्या पलीकडे, दक्षिणेकडून पाहिले तर द्रविडांच्या अलीकडे. 'द्रविड' हे मुळात भाषाकुळाचे नाव. त्याला राजवंशांच्या पंगतीत बसवणे हेच वादग्रस्त.

१७/ "म्हणून घेऊ नये का?" घ्यावी. सवलतीत मिळाल्यास अवश्य घ्यावी. मात्र "आपण त्यात आहोत" म्हणून घेऊ नये. आपण त्यात नाही आहोत. राजेंद्र चोळाचे आरमार समजून घ्यायचे असेल तर घ्यावी. दुसऱ्याच्या इतिहासासाठी पैसे मोजणे, हीसुद्धा इतिहासाच्या विद्यार्थ्याची एक परीक्षाच असते.

१८/ पुढचे उदाहरण 'युरोपा युनिव्हर्सालिस ४'चे. हा खेळ ११ नोव्हेंबर १४४४ रोजी सुरू होतो. दख्खनेत बहमनी, तुंगभद्रेपलीकडे विजयनगर. सप्टेंबर २०१८ मध्ये 'धर्म' ही पुरवणी आली. सोबतच्या विनामूल्य सुधारणेत भारताचा नकाशा अधिक बारकाईने रेखला गेला. म्हणजे भूगोल सर्वांना, आणि काही नवे नियम पैसे देणाऱ्यांना. ही विभागणी मला तुलनेने प्रामाणिक वाटते.

१९/ त्या नियमांपैकी एक पाहा. युरोपीय सत्ता एखाद्या आशियाई राज्यकर्त्याला मोबदला देऊन त्याच्याकडून एखादा प्रांत व्यापारी कंपनीसाठी मिळवू शकते. लढाई नाही, तह नाही, सरळ देवघेव. १६३९ साली मद्रासची जागा इंग्रजांना स्थानिक नायकाकडून मिळाली, ती अशीच. मुंबई तर १६६८ साली इंग्लंडच्या राजाने कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिली.

२०/ आपल्याला प्लासी पाठ असते, कारण ती लढाई आहे. वखारीची जागा देताना त्या नायकाला त्यात धोका का दिसला नाही, हा अधिक अवघड प्रश्न आहे. भारतीय राजा म्हणून खेळताना खजिना रिकामा असला आणि समोरून रोख रक्कम आली, की तुमचाही हात "होय"कडे जातो. तेव्हा नायकाला मूर्ख म्हणण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करतो. हे परिशिष्ट झाले.

२१/ याच खेळात दख्खनच्या राज्यांत 'मराठे' हा एक स्वतंत्र वर्ग म्हणून येतो. त्याला राजी राखावे लागते, त्याचे बळ वापरता येते आणि ते वाढू दिले तर डोईजडही होते. मालोजी, शहाजी, लखुजी जाधवराव यांचे शाह्यांशी असलेले नाते, म्हणजे चाकरी, वतन, रुसवे आणि बंड, हे ज्याने वाचले आहे त्याला हा नियम ओळखीचा वाटेल. यात झेंडा नाही, घोषणा नाही. पण समाजरचनेविषयी एक विधान आहे, ज्याच्याशी वाद घालता येतो.

२२/ आता मुख्य मुद्दा. 'एम्पायर : टोटल वॉर' हा खेळ २००९ साली आला आणि मराठे त्यात मूळ किमतीतच होते. कुठलीही पुरवणी नको. पहिल्या पडद्यापासून भगवा नकाशावर. दुसऱ्या पक्षाच्या तर्काने येथे समाधान व्हायला हवे. पण खेळ १७०० साली सुरू होतो, आणि खरी अडचण तेथेच आहे.

२३/ १७०० साली मराठ्यांची स्थिती काय होती? रायगड १६८९ मध्येच गेलेला. जिंजी १६९८ मध्ये पडलेली. साताऱ्याला औरंगजेबाचा वेढा. मार्चमध्ये सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराजांचे निधन झाले, एप्रिलमध्ये साताराही मोगलांच्या हाती गेला. आणि तरीही ताराबाईंच्या नेतृत्वाखाली लढा चालूच राहिला. १७०७ साली अहमदनगरला औरंगजेब मरण पावला, तेव्हा तो जिंकलेला नव्हता.

२४/ या खेळाचे गणित वेगळे आहे. राज्य म्हणजे प्रदेश, प्रदेश म्हणजे शहर, आणि शेवटचे शहर गेले की सत्ता संपली. या नियमांनी खेळल्यास मराठ्यांचे स्वातंत्र्ययुद्ध घडूच शकत नाही! राजधानीवाचून टिकणारे राज्य, वतनाच्या आशेवर आणि निष्ठेवर लढणारे सरदार, शत्रूच्या मुलखात वसूल होणारी चौथाई, यांना त्या नियमांत जागा नाही. नाव मराठ्यांचे, राज्यकल्पना अठराव्या शतकातल्या युरोपची.

२५/ आणि या खेळासाठी पुढे काय विकण्यात आले? निवडक पलटणींचे संच. अधिक दिमाखदार गणवेश, अधिक तिखट तोफा. ज्या जागी नियमाची पुरवणी हवी होती, त्या जागी पोशाखाची पुरवणी मिळाली. आपल्यातल्या अनेकांनी त्याकडे "आपले सैनिक किती छान दिसतात" एवढ्याच नजरेने पाहिले. त्यांत पूर्वी मीही होतो.

२६/ म्हणून माझे म्हणणे असे. खेळात इतिहास सांगतो तो नियम. चित्र, संगीत, नाव, झेंडा ही त्याची सजावट. पुस्तकात लेखक "का" हे वाक्यांत मांडतो, खेळात तेच "का" नियमांत असते. पुरवणी नवा नियम देत असेल तर ती नवे प्रतिपादन देते आणि तिला किंमत आहे. नियम तोच ठेवून केवळ आपले नाव देत असेल, तर ती आपलीच अस्मिता आपल्याला परत विकते.

२७/ हा शेवटचा सौदा सर्वांत महाग आहे. कंपनीला त्यातून असा धडा मिळतो की या ग्राहकाला संशोधन नको, नाव पुरे. मग दख्खनच्या महसुलाचा, घाटवाटांचा, वतनदारीचा अभ्यास करण्यावर ती कशाला खर्च करील? आपण ज्यावर पैसे टाकतो, तेच पुढच्या वेळी अधिक येते. मुलामा खपला की मुलामाच येणार.

२८/ पहिल्या पक्षालाही उत्तर दिले पाहिजे. १९९९ चा खेळ आजही सुधारला जातो, त्याच्या चुका दुरुस्त होतात, नव्या मोहिमा लिहिल्या जातात. हे काम करणाऱ्यांचे पगार पुरवण्यांच्या विक्रीवरही चालतात. 'द फरगॉटन' तर मुळात चाहत्यांनी हौसेने केलेल्या कामातून उभा राहिला आणि नंतर अधिकृत विस्तार झाला. त्या श्रमाला मोल नसावे, असे म्हणणारा उद्या संशोधकालाही फुकटात राबवील.

२९/ मात्र दोन सावधगिरी हव्यात. पहिली : प्रकाशनाच्या दिवशी घेऊ नये. एप्रिल २०२१ मध्ये 'युरोपा युनिव्हर्सालिस ४'ची 'लेव्हायथन' ही पुरवणी इतक्या दोषांसह आली की खेळाडूंनी तिच्यावर टीकेचा भडिमार केला. दुसरी : ही मालकी नव्हे. स्टीमसुद्धा ऑक्टोबर २०२४ पासून खरेदीच्या वेळी सांगते की तुम्हाला मिळतो तो वापराचा परवाना. राजवाड्यांचा खंड नातवाला देता येतो, ही पुरवणी देता येत नाही.

३०/ तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी चार प्रश्न. एक : यात नवा नियम आहे की केवळ नवा वेश? दोन : हिच्यावाचून मूळ खेळ अपुरा वाटतो का? वाटत असेल तर ते फाडलेले पान आहे. ते घेताना आपण चुकीच्या सवयीला बळ देतो. तीन : हेच विनामूल्य सुधारणेत किंवा चाहत्यांच्या मॉडमध्ये मिळते का? चार : मूळ खेळ आपण खरोखर किती खेळलो आहोत?

३१/ चौथा प्रश्न सर्वांत बोचरा. सवलतीच्या दिवसांत घेतलेल्या आणि कधीही न उघडलेल्या पुरवण्या माझ्याही खात्यावर आहेत. त्या पैशांत पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांची एक पिशवी भरली असती. हा हिशेब माझा मलाच लागू आहे, उपदेश नव्हे.

३२/ माझा निवाडा : 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' घ्यावी, रथाकडे डोळेझाक न करता. 'धर्म' घ्यावी, पण मूळ खेळात मुरल्यावर. 'राजाज ऑफ इंडिया' आता केवळ कुतूहलापोटी, कारण पुढच्या भागात ते कुलूपच नाही. पलटणींचे संच, चिलखते, पोशाख : एक रुपयाही नाही, त्यांवर शिवमुद्रा कोरलेली असली तरीही.

३३/ मामेभावाला मी "थांब" म्हटले आणि आधी माझ्या लॅपटॉपवर 'एम्पायर'मध्ये मराठ्यांकडून खेळायला बसवले. दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी तो वैतागून म्हणाला, "दादा, सगळी शहरं गेली की खेळ संपतो. मग तेव्हा आपले का नाही संपले?" मी त्याला रामचंद्रपंत अमात्य आणि ताराबाई यांच्याविषयी जे ठाऊक होते ते सांगितले. रात्रीचे जेवण गार झाले. आजीचे पैसे अजून त्याच्याकडेच आहेत.

३४/ ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी ते जरूर मांडावे, पण "आपला इतिहास आहे ना, मग झाले" यापुढे जाऊन. कोणत्या पुरवणीतला कोणता नियम तुम्हाला इतिहास नव्याने समजावून गेला, तेवढे खाली लिहावे. असे उदाहरण कोणी दिले, तर ती पुरवणी मी स्वतः विकत घेऊन खेळेन आणि चूक ठरलो तर याच थ्रेडखाली तसे लिहीन.